पडद्याबाहेरचा 'डॉक्टर हू' : ऐकायला-वाचायला सुरुवात कुठून करायची?

बीबीसीची 'डॉक्टर हू' बघणारी माणसं सोलापुरात आता अधूनमधून भेटतात. दोन-तीन सीझन झाले की त्यांना कुठून तरी कळतं की याच डॉक्टरची शेकडो ऑडिओ नाटकं आहेत, शेकडो कादंबऱ्या आहेत आणि १९६४पासून छापली जाणारी कॉमिक्स आहेत. मग ते यादी उघडतात, खाली सरकवत राहतात आणि गुपचूप बंद करतात. आमच्या कट्ट्यावरचा एक जण यादी बघून म्हणाला, "एवढं ऐकायला रिटायरच व्हावं लागंल बे!"

एवढं सगळं ऐकायचं नसतंच मुळी. सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला ठरलेली वाट आहे, यात्रेत नंदीध्वज त्याच वाटेने जातात. इथे अशी वाट कुणी आखलेली नाही. अनुक्रमांक आहेत, पण ते दुकानदाराच्या सोयीचे. तुम्हाला आवडलेला एखादा डॉक्टर, एखादा सोबती किंवा एखादा शत्रू धरायचा आणि त्याच्यामागून आत शिरायचं. मात्र कुणामागून गेलं तर कुठे पोचतो, हे समजायला हा पसारा झाला कसा ते थोडं माहीत हवं.

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला. डॉक्टर म्हणजे निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या 'टार्डिस'मधून काळात आणि अवकाशात फिरणारा परग्रहवासी. (पहिली गोष्ट दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे जन्माने लखनौचे. हे सांगितलं की आपल्याकडच्या लोकांचा चेहरा जरा खुलतो.) १९६६मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टर मरताना नवं शरीर घेतो अशी युक्ती काढली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरचा काळ वेगळा, स्वभाव वेगळा, सोबती वेगळे. पडद्याबाहेरच्या गोष्टीही याच खणांत वाटलेल्या आहेत. एखादं ऑडिओ नाटक हातात आलं की आधी बघायचं, हा कितवा डॉक्टर. क्रमांक नंतर.

डिसेंबर १९८९मध्ये बीबीसीने मालिका थांबवली. १९९६मध्ये पॉल मॅगन यांना आठवा डॉक्टर करून एक टीव्ही-चित्रपट झाला, पण पुढे मालिका काही निघाली नाही. ती परत आली थेट मार्च २००५मध्ये. मधली पंधरा-सोळा वर्षं पडदा जवळजवळ रिकामा, आणि या पसाऱ्यातला कसदार भाग नेमका याच वर्षांतला आहे. टीव्ही नाही म्हटल्यावर बजेटची चिंता नाही, संध्याकाळी पोरंबाळं बघतायत याची चिंता नाही. १९९१पासून व्हर्जिन प्रकाशनाने मुख्यतः सातव्या डॉक्टरला घेऊन मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्या काढल्या. १९९७पर्यंत ६१ झाल्या. नवख्यांची हस्तलिखितंही ते वाचत, त्यामुळे मालिकेवर वाढलेली तरुण मुलं लेखक झाली. मार्क गॅटिस यांची 'नाइटशेड' १९९२ची, रसेल टी. डेव्हिस यांची 'डॅमेज्ड गुड्स' १९९६ची. हेच डेव्हिस २००५मध्ये मालिका परत घेऊन आले. नव्या मालिकेची तालीम या पुस्तकांत झाली, असं मी म्हणेन.

आता हक्कांची भानगड, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. डॉक्टर आणि टार्डिस बीबीसीचे. पण एखाद्या लेखकाने आपल्या कथेत नवं पात्र किंवा नवा राक्षस आणला, तर त्याचा हक्क बहुधा लेखकाकडेच राहतो. डालेक, म्हणजे डॉक्टरचे चिलखतातले कट्टर शत्रू, हे सगळ्यात जुनं उदाहरण. ते लिहिले टेरी नेशन यांनी, त्यामुळे त्यांना वापरायचं तर नेशन यांच्याशी बोलणं आलं. १९६५मध्ये 'टीव्ही सेंच्युरी २१' या साप्ताहिकात डालेकांचं स्वतंत्र कॉमिक सुरू झालं, त्यात डॉक्टर नव्हता. त्याच सुमारास 'टीव्ही कॉमिक'मध्ये डॉक्टरचं कॉमिक चालू होतं, तिथे डालेक नव्हते! त्यांनी मग 'ट्रॉड' नावाचे यंत्रमानव आणून वेळ मारून नेली.

ही व्यवस्था लक्षात आली की पुढचं आपोआप उलगडतं. पॉल कॉर्नेल यांनी १९९२च्या 'लव्ह अँड वॉर' कादंबरीत बर्नीस समरफील्ड नावाची पुरातत्त्वज्ञ आणली : मिश्कील, दारूची शौकीन, डॉक्टरला तोंडावर चार शब्द सुनावणारी. बीबीसीने कादंबऱ्यांचा परवाना काढून घेतल्यावर व्हर्जिनने डॉक्टरशिवाय, नुसत्या बर्नीसवर पुस्तकं चालू ठेवली. बिग फिनिश ही कंपनी श्राव्य नाटकं करायला निघाली तेव्हा तिच्याकडेही डॉक्टरचा परवाना नव्हता. मग त्यांनी १९९८मध्ये बर्नीसचीच नाटकं काढली. काम बघून बीबीसीने परवाना दिला आणि जुलै १९९९मध्ये 'द सायरन्स ऑफ टाइम' आलं. कंपनीतली मंडळीही बाहेरची नव्हती. ऐंशीच्या दशकात हौसेखातर कॅसेटवर डॉक्टरची नाटकं करणाऱ्या पोरांमधूनच त्यांतले काही आले होते. निकोलस ब्रिग्ज त्यांतलेच. बिग फिनिशच्या नाटकांत ते डालेकांचा आवाज काढायचे, २००५पासून टीव्हीवरच्या डालेकांचा आवाजही त्यांचाच.

हक्क लेखकाकडे असल्यामुळे झालेली आणखी एक गंमत. १९९५मध्ये 'डाउनटाइम' नावाचा व्हिडिओ निघाला, त्यात डॉक्टर नाही, पण मालिकेतले त्याचे जुने लष्करी मित्र ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्यूअर्ट आहेत. त्यात त्यांना केट नावाची मुलगी दाखवली. तीच केट २०१२मध्ये टीव्ही मालिकेत आली आणि आज ती 'युनिट'ची, म्हणजे परग्रहवासीयांपासून पृथ्वी राखणाऱ्या मालिकेतल्या लष्करी संघटनेची, प्रमुख म्हणून सगळ्यांना माहीत आहे.

यावर ठरलेला प्रश्न येतो : मग या गोष्टी 'खऱ्या' धरायच्या का? 'स्टार वॉर्स'मध्ये हा निकाल मालकांनी लावून टाकला. एप्रिल २०१४मध्ये तोवरच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढल्या, नवं खातं उघडलं. बीबीसीने असा निकाल कधी दिलाच नाही. उलट टीव्हीवाले हवं तेव्हा इकडचं उचलून नेतात. कॉर्नेल यांच्या १९९५च्या 'ह्यूमन नेचर' कादंबरीवरून २००७मध्ये त्याच नावाची टीव्ही-कथा झाली. कादंबरीत सातवा डॉक्टर आहे, पडद्यावर दहावा. आता या दोन्ही घडल्या कशा? कुणी विचारत नाही. २०१३च्या 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या छोट्या भागात पॉल मॅगन मरण्यापूर्वी आपल्या सोबत्यांची नावं घेतात : चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. पाचही फक्त ऑडिओतले. टीव्हीवर ते कधी दिसलेले नाहीत. माझं विचाराल तर खरं-खोटं करण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे एकाच आख्यानाची दहा रूपं कीर्तनात ऐकून कुणाचं काही बिघडलेलं नाही.

आता ऐकायला बसू. ऐकण्यापासून सुरुवात करा असं मी सांगतो, कारण नट तेच आहेत. पाचवे पीटर डेव्हिसन, सहावे कॉलिन बेकर, सातवे सिल्व्हेस्टर मकॉय आणि आठवे पॉल मॅगन बिग फिनिशमध्ये स्वतःच्या भूमिका स्वतःच करतात. चौथे टॉम बेकर २०१२मध्ये आले. कादंबरीत डॉक्टरचा आवाज तुम्हाला मनात आणावा लागतो, इथे तो कानात असतो. शिवाय आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकलेल्या घरात वाढलेल्यांना हा प्रकार परका वाटत नाही : दार वाजलं, पावलं आली, कुणीतरी दचकलं, आणि उरलेलं आपण रचायचं.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. इथे सबटायटल नसतात. टीव्ही बघताना खाली अक्षरं वाचायची सवय लागलेली असते आणि ऑडिओत चार ब्रिटिश माणसं एकदम बोलायला लागली की पहिली दहा मिनिटं कोण काय म्हणतंय ते कळत नाही. त्यामुळे पहिलं नाटक स्कूटरवर किंवा यंत्रमागाच्या खटखटाटात लावू नका. रात्री, हेडफोन घालून, पहिला भाग दोनदा ऐका. आवाज ओळखीचे झाले की पुढे अडत नाही. जुनी नाटकं साधारण चार भागांची, मिळून दोन तासांच्या आसपास. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना एक सहज होतं आणि दौंडनंतर दुसरं लावावंसं वाटतं.

ज्यांनी फक्त नवी मालिका बघितली आहे, त्यांनी थेट डेव्हिड टेनंट आणि कॅथरिन टेट यांच्या २०१६च्या संचाकडे जावं. दहावा डॉक्टर आणि त्याची सोबतीण डॉना, तासाभराच्या तीन सुट्या गोष्टी. पहिली 'टेक्नोफोबिया' : लंडनमधल्या माणसांना अचानक यंत्रं वापरताच येईनाशी होतात. आवाज ओळखीचे, मागचं काही माहीत असण्याची गरज नाही. हा सगळ्यात सोपा रस्ता. सगळ्यात चांगला म्हणणार नाही. आवडत्या जोडीला परत भेटल्याचं समाधान मिळतं, पण ऑडिओने या मालिकेसाठी वेगळं काय केलं ते त्यातून कळत नाही.

ते कळतं आठव्या डॉक्टरकडून. पॉल मॅगन पडद्यावर अगदी मोजकेच दिसले, त्यांची कारकीर्द घडली ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. जानेवारी २००१चं 'स्टॉर्म वॉर्निंग' हे त्यांचं पहिलं नाटक आणि माझ्या मते नव्या माणसासाठी सगळ्यात नेमकं. गोष्ट आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर घडते. हे जहाज खरंच होतं. ऑक्टोबर १९३०मध्ये ते इंग्लंडहून कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात यायला निघालं आणि फ्रान्समध्ये कोसळलं. ५४ जणांपैकी ४८ गेले. नाटकात या जहाजावर चार्ली पोलार्ड नावाची साहसाची हौस असलेली मुलगी वेष बदलून चढलेली असते. डॉक्टरला जहाजाचं पुढे काय होणार ते माहीत आहे. तिला माहीत नाही. तो तिला वाचवतो आणि इतिहासाप्रमाणे जी मेलेली असायला हवी ती मुलगी त्याच्यासोबत फिरू लागते. हा धागा पुढची कित्येक नाटकं पुरतो.

त्यानंतर 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' ऐका, २००२चं, रॉबर्ट शियरमन यांचं. नाताळची रात्र, एका मोठ्या घरातला नोकरांचा मजला, आणि बाराचे ठोके पडले की काहीतरी अभद्र घडतं. बाकी काही सांगत नाही. यादीत याला पहिला नंबर देणारे पुष्कळ आहेत, म्हणून काही जण थेट इथूनच सुरू करतात. भीती वाटते, मजा येते, पण शेवट अर्धाच लागतो, कारण त्याचा अर्थ आर-१०१शी बांधलेला आहे. आधी 'स्टॉर्म वॉर्निंग', मग हे. या एकाच ठिकाणी मी क्रमाचा आग्रह धरतो.

शियरमन यांचंच २००३चं 'ज्युबिली' सहाव्या डॉक्टरचं. लंडनच्या टॉवरमध्ये एकटा डालेक कैद आहे आणि बाहेर डालेकांवरच्या विजयाचा सोहळा चाललाय, ज्यात त्यांचा पार बाजार मांडलाय. यातली एकट्या डालेकची कल्पना घेऊन त्यांनीच २००५मध्ये टीव्हीसाठी 'डालेक' हा भाग लिहिला. तो बघितला असेल तर 'ज्युबिली' ऐकताना जास्त रंग येतो, कारण इथे व्यंग्य कितीतरी बोचरं आहे. सहाव्या डॉक्टरबद्दल एक शब्द. कॉलिन बेकर यांच्यावर टीव्हीने अन्याय केला : भडक कोट, तिरसट संवाद आणि १९८६मध्ये हकालपट्टी. ऑडिओत त्यांना एव्हलिन स्माइथ ही सोबतीण मिळाली. वयाने पन्नाशीच्या पुढची, इतिहासाची प्राध्यापक, आणि डॉक्टरला अजिबात न भिणारी. तिच्यासमोर हा माणूस मऊ होतो आणि टीव्हीवर वाया गेलेला नट किती तालेवार होता ते कळतं. मला तर आज सहावा डॉक्टर म्हटला की आवाजच आठवतो, कोट नाही.

सायबरमेन, म्हणजे शरीराचे भाग बदलत यंत्र झालेली माणसं, आवडत असतील तर 'स्पेअर पार्ट्‌स', मार्क प्लॅट यांचं, २००२चं. मॉन्डास ग्रहावर जमिनीखालच्या शहरात माणसं जगायची म्हणून शरीराचे तुकडे बदलत जातात. राक्षस कुठून आले याची गोष्ट इतकी घरगुती आणि इतकी वाईट वाटायला लावणारी असेल असं वाटत नाही. २००६च्या टीव्ही-कथेला बीज यातूनच मिळालं.

काय टाळायचं? 'द सायरन्स ऑफ टाइम' पहिलं आहे म्हणून पहिलं ऐकू नका. तीन डॉक्टर एका नाटकात कोंबलेत, नव्या माणसाला त्यात कुणाचीच नीट ओळख होत नाही. टाइम वॉरचे, म्हणजे डॉक्टरचे लोक आणि डालेक यांच्यातल्या युद्धाचे, मोठे संचही नंतर. त्यांत सगळे जण आधीपासून थकलेले आणि चिडलेले असतात, ते का हे माहीत नसेल तर नुसते स्फोट ऐकू येतात.

पुस्तकांकडे वळताना स्वतःच्या इंग्रजीचा प्रामाणिक अंदाज घ्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना टार्गेट प्रकाशनाची पुस्तकं उत्तम. ही टीव्ही-कथांचीच कादंबरी-रूपं, १९७३पासून निघालेली. व्हीसीआर घरोघरी येण्यापूर्वी ब्रिटनमधल्या मुलांना जुनी गोष्ट पुन्हा अनुभवायचा हाच मार्ग होता. आणि साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्यामुळे काही कथा आजही मूळ रूपात पूर्ण बघायला मिळत नाहीत. टेरन्स डिक्स यांनी एकट्याने साठावर पुस्तकं लिहिली. वाक्यं आखूड, भाषा स्वच्छ, पुस्तक दोन बैठकांत हातावेगळं. त्याच नावाने २०१८मध्ये नवी तुकडी आली, त्यात रसेल टी. डेव्हिस यांनी स्वतः लिहिलेलं 'रोझ' आहे. नव्या मालिकेचा पहिला भाग बघितलेल्याने तेच घ्यावं. गोष्ट माहीत असते, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी माणूस अडत नाही.

एक पायरी वर जायचं असेल तर 'ह्यूमन नेचर'. मूळ आवृत्ती दुर्मिळ झाली होती, २०१५मध्ये बीबीसी बुक्सने पुन्हा छापली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एका शाळेत डॉक्टर स्वतःला विसरून साधा शिक्षक म्हणून राहतोय. टीव्हीवरच्यापेक्षा कादंबरीत युद्धाची सावली जास्त गडद आहे. डग्लस ॲडम्स यांचा तिरकस विनोद आवडणाऱ्यांना त्यांच्या टीव्ही-कथेवरून जेम्स गॉस यांनी कादंबरी केलेली 'सिटी ऑफ डेथ' चालेल. व्हर्जिनच्या 'लंगबॅरो' या कादंबरीच्या मागे मात्र लागू नका. चाहते तिचं नाव हळू आवाजात घेतात, जुन्या प्रतीला भलती किंमत मागतात. मागची डझनभर पुस्तकं वाचलेली नसतील तर ती डोक्यावरून जाते.

कॉमिक्सचं थोडक्यात आटोपतो, कारण तिथे निवड सोपी आहे. ऑक्टोबर १९७९मध्ये 'डॉक्टर हू वीकली' निघालं, तेच आजचं मासिक. सुरुवातीची चित्रं डेव्ह गिबन्स यांची, जे पुढे 'वॉचमेन'मुळे जगभर गाजले. काळ्या-पांढऱ्यात एवढी गर्दी आणि एवढी सफाई क्वचित दिसते. त्यातली १९८०ची 'द स्टार बीस्ट' घ्या. गोंडस, केसाळ बीप द मीप आणि त्याच्यामागचं सत्य. २०२३मध्ये टीव्हीवर आलेली हीच गोष्ट. नव्या डॉक्टरांची रंगीत कॉमिक्स २०१४पासून टायटनने काढली. ती वाईट नाहीत, पण टीव्हीच्या जवळ राहतात. जुनी जास्त बेताल आहेत आणि म्हणून जास्त आवडतात. सहाव्या डॉक्टरचा सोबती फ्रॉबिशर तर रूप बदलणारा प्राणी आहे, जो बहुतेक वेळ पेंग्विन होऊन राहतो. तो आवडला तर परत ऑडिओकडे या. 'द होली टेरर' नावाच्या २०००च्या नाटकात हाच पेंग्विन एका धर्मवेड्या राज्यात जाऊन पडतो. पेंग्विन आहे म्हणून लहान मुलांना लावून देऊ नका. नाटक भयंकर काळं आहे.

मिळवायचं कसं? बिग फिनिश आपल्या साइटवर आणि ॲपवर थेट डाउनलोड विकते, किंमत पौंडांत. सुरुवातीची जुनी नाटकं नव्या संचांपेक्षा बरीच स्वस्त असतात आणि अधूनमधून सूटही लागते. त्यांतली बरीच स्पॉटिफायवरही ठेवलेली आहेत, म्हणून पैसे टाकण्याआधी तिथे शोधा. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा, आणि बँक वर थोडा आकार लावते तोही हिशेबात धरा. व्हर्जिनच्या जुन्या कादंबऱ्यांच्या वापरलेल्या प्रती परदेशातून मागवण्याआधी ती गोष्ट ऑडिओत झाली आहे का ते बघा. 'नाइटशेड', 'डॅमेज्ड गुड्स', 'लव्ह अँड वॉर' झाल्या आहेत. 'ऑल-कन्झ्यूमिंग फायर'ही झाली आहे, ज्यात डॉक्टर आणि शेरलॉक होम्स लंडनहून निघतात आणि १८८७च्या हिंदुस्थानात येऊन पोचतात.